दोन नर गिनी पिगांची जोडी कशी जमवावी

दोन नर गिनी पिग पहिल्यांदा एकमेकांसमोर सोडले की पहिल्या अर्ध्या तासात जे घडते ते पाहून घरातले कोणी ना कोणी घाबरते आणि दोघांना उचलून वेगळे करते. माझ्या पाहण्यात ज्या जोड्या जमल्या नाहीत, त्यांतल्या बहुतेक याच क्षणी मोडल्या. खरे भांडण अजून सुरूही झालेले नव्हते. थोरला कोण आणि धाकटा कोण हे ठरवण्याचा त्यांचा व्यवहार माणसाने अर्ध्यावर तोडला आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहिल्यापासून, अधिक चिडून, सुरू झाला. याच्या उलट चूकही तितकीच महाग पडते, ती म्हणजे ‘आपसांत मिटवतील’ असे म्हणत रक्त निघेपर्यंत बघत राहणे. कुठे हात बांधून बसायचे आणि कुठे क्षणाचाही विलंब करायचा नाही, हे ओळखता येणे हीच या कामातली मुख्य गोष्ट आहे. बाकीचा भाग जागेचा, वयाचा आणि हवामानाचा आहे, आणि नागपुरात राहणाऱ्याला हवामानाचा विचार सर्वांत आधी करावा लागतो.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला. तेथील लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला आणि सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. त्याचे रानटी भाऊबंद आजही गवताळ प्रदेशात लहान कळपांनी राहतात. एकटा ठेवलेला गिनी पिग माणसाच्या सहवासात रमलेला दिसतो खरा, परंतु आपण दिवसातले आठ-दहा तास घराबाहेर असतो, आणि त्याच्या शिट्या, घुरघुर, अंगाला अंग लावून बसणे या भाषेला उत्तर देण्यासाठी दुसरा गिनी पिगच लागतो. स्वित्झर्लंडने २००८ मध्ये प्राणिसंरक्षणाचे जे नियम लागू केले, त्यांत अशा समूहप्रिय प्राण्यांना सजातीय सोबत देणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडे असा नियम नाही, पण प्राण्याची गरज तीच आहे.

दोन नर एकत्र राहूच शकत नाहीत, हा समज दुकानदारांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांकडून ऐकायला मिळतो. त्यात थोडेसे तथ्य आहे. रानटी कळपात साधारणपणे एक मोठा नर आणि काही माद्या असतात, त्यामुळे मादी आसपास असली की नर एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात. मादी नसली, तिचा वासही नसला आणि जागा पुरेशी असली, तर दोन नर वर्षानुवर्षे सुखाने एकत्र राहतात. म्हणून पहिला नियम असा की नरांची जोडी ज्या खोलीत ठेवायची, त्या खोलीत मादी ठेवू नये आणि मादीला हाताळून आलेले हात व कपडे न धुता नरांना घेऊ नये. दुसरा नियम असा की नर दोनच असावेत. तिसरा आला की दोघांची युती आणि एकाची कोंडी होते, आणि जमलेली जोडीही बिघडते.

कोणाशी कोणाची जोडी लावावी, याला वयाचा आधार घ्यावा. सर्वांत सोपी जोडी म्हणजे एक पूर्ण वाढ झालेला, दीड-दोन वर्षांपुढचा नर आणि दुसरा सहा ते बारा आठवड्यांचा पिल्लू नर. पिल्लू आपणहून धाकटेपणा स्वीकारते आणि थोरल्याला आपला मान सिद्ध करावा लागत नाही. एकाच विणीतले दोन भाऊही बरे जमतात. सर्वांत अवघड जोडी म्हणजे दोघेही चार ते बारा महिन्यांच्या दरम्यानचे, कारण या काळात त्यांच्या शरीरातील संप्रेरकांचा जोर सर्वाधिक असतो आणि दोघांपैकी कोणीही मागे हटायला तयार नसतो. अशी जोडी जमतच नाही असे नाही, पण ज्याने पूर्वी कधी जोडी जमवलेली नाही त्याने येथून सुरुवात करू नये.

वयाइतकेच महत्त्व वाढण्याच्या पद्धतीला आहे. जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ नॉर्बर्ट झाक्सर यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. कळपात, मोठ्या नरांच्या सहवासात वयात आलेला नर अनोळखी नरासमोर नमते घ्यायला शिकलेला असतो आणि फारशी मारामारी न करता नव्या ठिकाणी सामावतो. एकट्याने किंवा केवळ एका मादीबरोबर वाढलेल्या नराला ही रीत माहीत नसते आणि तो अनोळखी नराशी जोराने भांडतो, असे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले. याचा आपल्यासाठी अर्थ असा, की पिल्लू आणताना ते आतापर्यंत कोणाबरोबर राहिले आहे हे विचारावे. तीन आठवड्यांचे झाल्यावर आईपासून वेगळे केलेले, पण त्यानंतर मोठ्या नराबरोबर ठेवलेले पिल्लू मिळाले तर ते सर्वांत उत्तम.

जोडी जमवण्याआधी

नवा प्राणी नरच आहे याची खात्री पशुवैद्यकाकडून करून घ्यावी, विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. लहान वयात फरक चटकन कळत नाही आणि चूक फार वेळा होते. नर आहे असे समजून आणलेली मादी निघाली तर ५९ ते ७२ दिवसांत घरात पिल्ले येतात, आणि विल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. माझ्या एका परिचिताकडे ‘दोन भाऊ’ म्हणून आणलेल्या जोडीतील एक भाऊ चार पिल्लांची आई झाला. त्या घराला पुढे सहा प्राण्यांची सोय लावताना जे हाल झाले, ते एका तपासणीने टळले असते. नागपूरकरांना या बाबतीत एक सोय आहे. सेमिनरी हिल्स भागात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. खाजगी दवाखान्यात जाणार असाल तर कुत्र्या-मांजरांखेरीज लहान सस्तन प्राणी पाहण्याचा अनुभव डॉक्टरांना आहे का, हे फोनवर आधीच विचारून घ्यावे. कारण पेनिसिलीन गटातील, म्हणजे कुत्र्याला सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलीनसारखी औषधे गिनी पिगाच्या पोटातील उपयुक्त जिवाणू मारतात आणि त्याने प्राणी दगावू शकतो.

त्यानंतर नव्या पाहुण्याला दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. खरूज पसरवणारे सूक्ष्म किडे, उवा, गजकर्णासारखी बुरशी आणि श्वसनाचे आजार दुकानातून सोबत येतात आणि सुरुवातीचे काही दिवस दिसत नाहीत. या काळात आधी घरच्या प्राण्याचे सगळे करावे, मग नव्याचे, आणि नंतर साबणाने हात धुवावेत. सतत खाजवणे, केस गळून पडलेले गोल चट्टे, डोळ्यांतून किंवा नाकातून पाणी यांपैकी काहीही दिसले तर जोडी पुढे ढकलावी आणि उपचार पूर्ण करावा. हाच काळ दोघांचे वजन टिपण्याचा आहे. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर पसरट भांडे ठेवून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी वजन घ्यावे आणि वहीत लिहावे. पूर्ण वाढलेला नर साधारण ९०० ते १२०० ग्रॅमचा असतो. पुढे जोडी जमल्यावर कोणाची उपासमार होत आहे हे या वहीवरूनच कळते, डोळ्यांनी कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात दोघांच्या अंथरुणातील कापडाचा एक-एक तुकडा अदलाबदल करावा, म्हणजे वास ओळखीचा होतो. काही जण दोघांना मधे जाळी ठेवून आठवडाभर शेजारी ठेवण्याचा सल्ला देतात. माझे मत याहून वेगळे आहे. जाळीतून एकमेकांचा वास येतो, पण मान ठरवता येत नाही, त्यामुळे काही नर जाळीजवळ दात वाजवत बसतात आणि चिडलेल्या मनःस्थितीतच भेटतात. एक-दोन दिवस पुरेत.

ऋतू आणि जागा

गिनी पिगाला १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते, २७-२८ च्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो आणि त्याला घाम येत नसल्यामुळे उष्माघात फार लवकर होतो. एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत नागपुरात बंद खोलीतही पारा या मर्यादेच्या खूप वर असतो. पाठलाग आणि चढाओढ करणाऱ्या दोन प्राण्यांचे शरीर आधीच तापलेले असते, त्यामुळे या काळात, विशेषतः नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जोडी जमवण्याचा प्रयत्न करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वोत्तम काळ आहे. त्यातही दिवाळीचे फटाक्यांचे दिवस टाळावेत, कारण आवाजाने भेदरलेला प्राणी समोर येईल त्याला चावतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा पिंजरा फरशीपासून उचललेला असावा आणि खिडकीच्या झोतात नसावा.

ज्यांच्याकडे उन्हाळ्यातच प्राणी आला आहे, त्यांनी दोघांना वेगळे ठेवून पावसाळ्याची वाट पाहणे शहाणपणाचे. अगदीच अपरिहार्य असेल तर एसी लावलेल्या खोलीत, सकाळी सहा-सातच्या सुमारास भेट घडवावी. आपल्याकडचा खसाच्या ताट्यांचा कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत खोली बरीच थंड करतो, पण त्याचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये आणि त्याच्या ओलाव्याने सुके गवत बुरसत नाही ना, हे रोज नाकाने तपासावे. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी ठरतो.

आता पिंजऱ्याकडे वळू. माझ्या अनुभवात नरांच्या जोड्या मोडण्यामागे स्वभावापेक्षा जागेची टंचाई अधिक वेळा असते. दुकानात ‘गिनी पिगचा पिंजरा’ म्हणून जे विकले जाते, ते दोन नरांसाठी उपयोगाचे नाही. दोघांना किमान साडेदहा चौरस फूट सलग, एकाच पातळीवरची जागा हवी, आणि शक्य असेल तर १३ चौरस फूट द्यावी. माळ्यासारखा वरचा मजला या हिशेबात धरू नये, कारण पळणाऱ्याला जमिनीवर लांबी लागते. जोडता येणाऱ्या जाळीच्या चौकटींनी दिवाणखान्याच्या भिंतीलगत सुमारे सहा फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद असे कुंपण करणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. खाली प्लॅस्टिकचा जाड कागद, त्यावर वर्तमानपत्र आणि सर्वांत वर सुती चादर किंवा फ्लीस अंथरावे. सॉ मिलमधील बारीक भुसा स्वस्त मिळतो, पण त्याची धूळ फुप्फुसांना त्रास देते, म्हणून तो नको.

प्रत्येक वस्तू दोन हवी: पाण्याच्या दोन बाटल्या दोन टोकांना, गवताचे दोन ढीग आणि लपण्याची दोन नव्हे तर तीन घरे. प्रत्येक घराला दोन दारे असणे अत्यंत आवश्यक आहे. एकच दार असलेल्या खोक्यात पळून गेलेला धाकटा कोंडला जातो, थोरला दारात उभा राहतो आणि पळायला वाट न उरलेला प्राणीच पहिल्यांदा दात वापरतो. हिवाळ्यात फळबाजारात संत्र्यांची पुठ्ठ्याची खोकी सहज मिळतात. त्यांच्या समोरासमोरच्या बाजूंना दोन भोके पाडली की उत्तम घरे होतात. लाकडी पेट्या वापरायच्या असतील तर खिळे आणि तारा काढून टाकाव्यात.

भेटीचा दिवस

भेट कधीही थोरल्याच्या पिंजऱ्यात घडवू नये. दोघांनाही अनोळखी असलेली जागा निवडावी: बेडरूमचा कोपरा, कोरडे केलेले स्नानगृह, ज्यात पूर्वी कोणताही गिनी पिग फिरलेला नाही अशी गच्चीलगतची खोली. आपल्या घरांतील फरशी गुळगुळीत असते आणि तिच्यावर त्यांचे पाय घसरतात, म्हणून जुनी सतरंजी किंवा चादर अंथरावी. पाच-सहा फूट लांबीचे कुंपण पुरे. मध्यभागी गवताचा मोठा ढीग टाकावा, आणि जागोजागी, एका ताटलीत नव्हे, सांबाराच्या काड्या, काकडीच्या चकत्या व ढोबळी मिरचीचे तुकडे विखरावेत. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो.) ढोबळी मिरची मुद्दाम सांगितली, कारण गिनी पिगाला आपल्यासारखेच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. नागपूरकर म्हणून संत्र्याचा मोह होतो, पण संत्र्यात साखर असते, त्यामुळे आठवड्यातून एखादी फोडच द्यावी. गवत टिमोथीचे असावे किंवा स्वच्छ जागेवरून काढून वाळवलेली हरळी असावी. धानाचे तणस अंथरायला चालते, पोट भरायला नाही, आणि लसूणघास पूर्ण वाढलेल्या नराला रोज देऊ नये, कारण त्यातील कॅल्शियमने मूत्रमार्गात खडे होतात.

या पहिल्या भेटीच्या जागेत घरे ठेवू नयेत. लपायला जागा दिली की एकजण तिच्यावर हक्क सांगतो आणि भांडण जागेवरून सुरू होते. आपल्या हाताशी एक जाड टर्किश टॉवेल, एक केरभरणी आणि पुठ्ठ्याचा मोठा तुकडा ठेवावा. घरातली लहान मुले व कुत्रा-मांजर खोलीबाहेर असावेत, फोन बाजूला ठेवावा आणि पुढचे किमान चार तास आपण दुसरे काही करणार नाही असे ठरवून, दोघांना एकाच वेळी, दोन टोकांना खाली सोडावे.

सुरुवातीला दोघे गवत खातील किंवा एकमेकांचे नाक आणि मग मागचा भाग हुंगतील. त्यानंतर थोरला, किंवा ज्याला थोरले व्हायचे आहे तो, खालच्या पट्टीत घुरघुर करत, मागचा भाग डावी-उजवीकडे हलवत, संथ पावलांनी दुसऱ्याभोवती फिरू लागेल. हे सर्वस्वी योग्य आहे. तो पाठलाग करील, अंगावर चढेल, जमिनीवर मागचा भाग घासून वास सोडेल. धाकटा मोठ्याने कुईकुई ओरडेल, आणि त्या ओरडण्याने आपल्या जिवाचे पाणी होईल, पण बहुतेक वेळा त्या आवाजाचा अर्थ ‘मी मान्य केले, आता सोड’ एवढाच असतो. दोघेही नाक आकाशाकडे उचलून समोरासमोर उभे राहतात, तेव्हा ज्याचे नाक उंच त्याचा दावा मोठा. धाकट्याने नाक खाली घेतले की तेवढी फेरी संपते. एखादा केसांचा पुंजका निघणे, पाठीवर हलकी चिमटीसारखी चाव बसणे, हेही याच व्यवहारात मोडते. मध्येच दोघे शांतपणे गवत खाऊ लागतात आणि पाच मिनिटांत पुन्हा सगळे पहिल्यापासून चालू होते. अशा अनेक फेऱ्या होतात.

माझ्याकडचा तांबू तीन वर्षांचा असताना त्याचा जोडीदार गेला आणि मी दहा आठवड्यांचा भुऱ्या घरी आणला. पहिल्या भेटीत तांबू त्याच्यावर सतत चढत होता आणि भुऱ्या किंचाळत होता. मी वीस मिनिटांत त्याला उचलून घेतले. दुसऱ्या दिवशी तेच झाले, तिसऱ्या दिवशी तांबू आधीपासूनच फुगून बसला. चौथ्या दिवशी मी हात मांडीखाली दाबून बसलो आणि उठलो नाही. सव्वा तासाने भुऱ्याने स्वतः जाऊन तांबूच्या हनुवटीखाली डोके घातले. पहिल्याच दिवशी मी बसून राहिलो असतो तर त्या दोघांचे तीन दिवसांचे हाल वाचले असते, ही गोष्ट मला आजही लागते.

एका ठिकाणी मात्र हात घालावा. थोरला उलट बाजूने, म्हणजे धाकट्याच्या तोंडावर चढला, तर त्याला हळूच वळवून द्यावे, कारण खालच्याने घाबरून चावा घेतला तर नाजूक जागी जखम होते.

सावध होण्याची चिन्हे अशी. दात वाजवणे सलग आणि वाढत जाणारे असेल, मानेवरचे केस उभे राहिले असतील, जांभईसारखे तोंड उघडून दात दाखवले जात असतील आणि दोघांपैकी कोणीही नाक खाली घेत नसेल, तर पुढचे पाऊल झडप हे असू शकते. या क्षणी मधे पुठ्ठा सरकवावा किंवा गवताची नवी मूठ टाकावी. लक्ष वळले तर ताण उतरतो. दोघेही समोरासमोर उसळले आणि एकमेकांना घट्ट धरून केसांच्या चेंडूसारखे लोळू लागले, तर ते खरे युद्ध आहे. तेथे उघडा हात कधीही घालू नये, गिनी पिगाचे दात बोटात हाडापर्यंत जातात. टॉवेल दोघांवर टाकावा, केरभरणी मधे सारावी आणि एकेकाला टॉवेलमध्ये गुंडाळून उचलावे.

त्यानंतर केस बाजूला करून मागचा भाग, पाठ, कान, ओठ व जननेंद्रियाजवळचा भाग तपासावा. ओरखडा असेल तर मिठाच्या निर्जंतुक पाण्याने पुसून, दोघांना काही तास विश्रांती देऊन त्याच दिवशी पुन्हा भेटवता येते. खोल चावा असेल, रक्त वाहिले असेल, तर भेट संपली. त्यांना वेगळे ठेवावे आणि जखम डॉक्टरांना दाखवावी, कारण वरून बुजलेल्या चाव्याच्या आत पू साठण्याची शक्यता मोठी असते. ज्या दोन पूर्ण वाढलेल्या नरांनी एकमेकांचे रक्त काढले आहे, त्यांना पुन्हा एकत्र आणण्याचा हट्ट मी धरत नाही.

दोघांना एकत्र आंघोळ घातली की मैत्री होते, असा एक सल्ला फिरत असतो. तो पाळू नये. भिजलेले, भेदरलेले दोन प्राणी एकमेकांना चिकटतात ते भीतीने, आणि अंग वाळले की भीती तेवढीच उरते. हिवाळ्यात सर्दी होते ती वेगळीच. नाकाला व्हॅनिला इसेन्स लावण्याने त्यांना एकमेकांचा वास ओळखता येत नाही, म्हणजे नेमके जे व्हायला हवे तेच होत नाही. खच्ची केल्याने नर भांडायचे थांबतात हाही भरवशाचा उपाय नाही, आणि भूल देण्याचा धोका त्यासाठी पत्करू नये.

पहिली रात्र आणि पुढचे आठवडे

चार-सहा तासांनी दोघे एकाच ढिगातून गवत खात असतील, पाय पसरून आडवे होत असतील, पाठलाग झाला तरी अर्ध्या मिनिटात थांबत असेल, तर त्यांना मोठ्या पिंजऱ्यात न्यावे. तो पिंजरा त्याआधी पाण्यात पांढरे व्हिनेगर मिसळून पुसलेला, नवी चादर घातलेला आणि घरांची मांडणी बदललेला असावा, म्हणजे थोरल्याला तो ‘आपला’ वाटत नाही. येथे आल्यावर घुरघुर आणि पाठलाग पुन्हा थोडा वाढतो, त्यामुळे घाबरून जाऊ नये. एकदा पिंजऱ्यात एकत्र घातल्यावर रात्री वेगळे करू नये. वेगळे केले की सकाळी सगळे नव्याने ठरवावे लागते. पहिली रात्र त्याच खोलीत सतरंजी टाकून झोपावे. हे अतिशयोक्त वाटेल, पण रात्री दोन वाजता आवाज कसला आहे हे ओळखायला जागेवरच असावे लागते.

पूर्ण स्थिरस्थावर व्हायला काही जोड्यांना दोन दिवस लागतात, काहींना दोन आठवडे. या काळात पिंजऱ्यातली कोणतीही वस्तू नवी आणू नये किंवा काढू नये. सफाईही एकदम सगळी करू नये. अर्धी चादर आज आणि अर्धी दोन दिवसांनी बदलावी, म्हणजे दोघांचा मिसळलेला वास टिकून राहतो. वजनाच्या वहीत धाकट्याचे वजन सलग दोन आठवडे उतरत असेल, तर थोरला त्याला गवताजवळ येऊ देत नाही असे समजून तिसरा ढीग आणखी लांब ठेवावा. कोणत्याही गिनी पिगाने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही तर वाट न पाहता दवाखाना गाठावा, कारण त्यांचे आतडे थांबले की ते पुन्हा सुरू करणे कठीण जाते. दवाखान्यात नेताना दोघांना एकाच टोपलीत न्यावे. एकटा जाऊन औषधांचा वास घेऊन परतलेल्याला दुसरा अनोळखी समजू शकतो.

पिल्लू आणले असेल तर एक गोष्ट आधीच मनात धरून ठेवावी. चार-पाच महिन्यांचे झाल्यावर तेही वयात येते आणि आजवर निमूट असलेला धाकटा थोरल्याला आव्हान देऊ लागतो. साधारण वर्षाचे होईपर्यंत ही कुरबुर येत-जात राहते. या वेळी दोघांना वेगळे करण्याऐवजी आठवडाभर जागा वाढवावी, दिवाणखान्यात दोन तास मोकळे फिरू द्यावे, एका दाराचे एखादे खोके चुकून राहिले असेल तर ते काढावे. भुऱ्या सात महिन्यांचा असताना त्याने आणि तांबूने तीन आठवडे मला स्वस्थ झोपू दिले नाही, आणि कुंपणाला दोन फूट लांबी जोडल्यावर चौथ्या आठवड्यात ते शांत झाले.

इतके करूनही ज्यांचे जमत नाही, असे दोघे असतात. त्यांना एकाच लांब कुंपणात मधे बारीक जाळी घालून कायमचे शेजारी ठेवावे. जाळीची भोके इतकी बारीक असावीत, की ओठ किंवा पायाची बोटे पलीकडच्याच्या दातांत सापडणार नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र साडेसात-आठ चौरस फूट जागा असावी, आणि गवताचे ढीग दोन्ही बाजूंनी जाळीला लागून ठेवावेत. एकमेकांना पाहत, ऐकत, हुंगत ते एकाच वेळी खातात, दुपारी जाळीच्या दोन बाजूंना पाठ टेकवून झोपतात. उन्हाळ्यात कापडात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटलीही अशा वेळी एक नव्हे, प्रत्येकाच्या बाजूला एक अशा दोन ठेवाव्या लागतात.